तीन शिट्ट्या आणि मऊ भात

...आणि वर शेजारच्या वहिनी मलाच विचारतात, "भावजी, लक्ष कुठं होतं तुमचं?" लक्ष! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं कापडाच्या दुकानात मीटर मोजले, एका बोटाची चूक काढली नाही कुणी, आणि मी तीन शिट्ट्या मोजताना चुकेन? मोजल्या होत्या मी. बरोब्बर मोजल्या होत्या!

हसू नका, गोष्ट हसण्यासारखी नाही. आमची ही ऑपरेशन होऊन घरी आली त्याला नऊ दिवस झाले, आणि पोटात काय, तर पाण्याचे चार घोट नि औषधं. काही पुढे धरलं की मान फिरवायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, "उद्यापर्यंत काही गेलं नाही, तर परत आणा, नळीनं भरवू." नळी! आणि त्याच दिवशी ही डोळे मिटून म्हणते, "मऊ भात असता तर खाल्ला असता थोडा." बस्स! मी उठलोच.

तांदूळ धुतले, चौपट पाणी घातलं, कुकर लावला, गॅस मोठा केला आणि येऊन हिच्या उशाशी बसलो. झाली शिट्टी. "एक!" ही पुटपुटली, "अहो, लांबून आली ती." म्हटलं, "अगं, अशक्तपणानं कान बसलेत तुझे, पड तू." दुसरी झाली. "दोन!" "अहो, पण आपली शिट्टी अशी नाही..." "बोलू नकोस, दम लागेल." तिसरी. "तीन!" मोजल्या की नाही? मग म्हणते, "करपल्याचा वास येतोय." आणि मी शहाणा काय म्हणावं? "कुणाचं तरी खाली लागलं असेल!"

गेलो तर स्वयंपाकघरात धूर! झाकणाची रबरी रिंग ओट्यावर, सकाळी मीच धुऊन ठेवलेली. रिंगेशिवाय कुकर शिट्टी देईल कसा? वाफ सगळी बाजूनं गेली, पाणी आटलं, भात खाली कोळसा नि वर कच्चा. मग मी मोजल्या त्या कुणाच्या? भिंतीपलीकडच्या वहिनींच्या! पण मोजल्या बरोब्बर होत्या हो!

साठी उलटलेला माणूस मी, ते भांडं धरून ढसाढसा रडलो. भाताचं काय एवढं... पण नऊ दिवसांत तिनं एक गोष्ट मागितली, आणि ती मी जाळली. आता परत कशाला मागेल ती?

धूर बघून वहिनी धावत आल्या, तेव्हाच ते "लक्ष कुठं होतं" झालं. भांड्यात डोकावल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि घरी जाऊन वाटी घेऊन आल्या. त्यांचाच भात, गरम पाणी घालून घोटलेला. मी चमचा पुढे केला... आणि हिनं तोंड उघडलं! पाच चमचे खाल्ले, का सहा, देव जाणे. ते मोजायचं सुचलंच नाही.

धडा मिळाला बुवा. अंथरुणावर पडलेल्या बाईचे कान बसत नसतात, बसतं ते नवऱ्याचं डोकं. आता कुकर रोज मीच लावतो, रिंग दोनदा बघतो, पण मोजण्याच्या कामावरून मला काढलंय. शिट्टी झाली की मी उठायला लागतो, आणि ही पलंगावरून, डोळेसुद्धा न उघडता, "बसा हो. आपली नाही ती."