गच्च ठोकलेली कॉफी

मिक्सर घेऊन नुजहत दुरुस्तीच्या दुकानात बसली होती. शेजारी एक नवरा-बायको, नवऱ्याच्या मांडीवर कॉफीचं मशीन.

"लेकीनं हौसेनं पाठवलं, आन् ह्यातनं थेंब पडंना," बायको कुरकुरली.

"म्या बरोब्बर ठोकलं हुतं."

"भुकटी हलकी दाबा म्हणली हुती ती."

"शिरोलीच्या फौंड्रीत लोखंड ओतण्यात जल्म गेला माझा. साच्यात वाळू कशी ठोकायची, मला शिकवतीस?"

"वाळू न्हवं, कॉफी हाय ती!"

"ढिली ठेवली तर भेग पडती, आन् पाणी तिथनंच पळतंय की!"

"आता पाणी आत शिरंनाच! उद्या व्याह्यास्नी काय पाजू?"

"च्या पाज. पर कॉफीची वडी कशी टणक निघाली? हातोडीनं बी फुटली न्हाय."

"व्हय, कपाटाच्या पायाखाली घातलीया. तवापास्नं कपाट हलायचं थांबलंय."

नुजहत जवळ सरकली.

"काका, अजून एक वडी काढून द्याल का? आमचं टेबल लई डुलतंय."