विहीणबाई पाण्यात पडल्या तेव्हा

...नाही, मला एक सांगा, बुडायचंच असेल तर डोक्यावर टोपडं कशाला लागतं? हेल्मेट म्हणे! हनुवटीखाली पट्टा असा आवळलेला की आवंढा गिळायची चोरी. वर ते जाडजूड लाइफ जॅकेट, नाक खाजवायला हात वर नेला तर खाली येईना! आणि हे सगळं कशासाठी? लेकीचं लग्न जमावं म्हणून! मुलाच्या घरची तऱ्हाच न्यारी. बाकीचे लोक खुर्च्यांवर बसून एकमेकांना बघतात, हे म्हणे आपण सगळे मिळून फेसाळत्या नदीत उतरू. रबराच्या होडीत!

लेकीनं आदल्या दिवशीच बजावलं, "आई, मला हा मुलगा आवडलाय. तू तिथं एक अक्षर बोलायचं नाहीस. तुझ्या तोंडापायी आधीची दोन स्थळं गेलीत." आता तुम्हाला सांगते, पंचवीस वर्षं मी दवाखान्याच्या चादरी धुते. त्या मशिनांच्या घरघरीत हळू बोललं तर आपलं आपल्यालाच ऐकू येत नाही, मग आवाज चढणार नाही तर काय होणार? पण लेकीचा प्रश्न... म्हटलं, बरं बाई. आणि मी गप्प!

विहीणबाई, म्हणजे होऊ घातलेल्या हो, साखरेत घोळून काढलेल्या. "तुम्ही बसा ना पुढे." "छे छे, तुम्हीच." "अहो, तुमचा मान." असं करत करत आम्ही दोघी काठावरच उभ्या, होडी अर्धी निघालेली! शेवटी त्या मिशाळ गाइडनं शिट्टी फुंकली. "ताई, बसा आता! मी 'पुढे' म्हटलं की सगळ्यांनी पुढे वल्हवायचं. कोणी पडलं तर जवळच्यानं खांद्याचे पट्टे धरून आत ओढायचं. विचार करत बसायचं नाही. आणि ताई, तुमचं वल्हं उलटं धरलंय." पाच माणसांसमोर! मी गप्प!

मग ते पाणी... काय सांगू! होडी वर, पोट खाली, पोट वर, होडी खाली, गाइड ओरडतोय "पुढे! पुढे!", अहो पुढे म्हणजे कुठे, पुढे दगड आहे! आणि एक लाट आली नि बघते तर शेजारची जागा रिकामी. विहीणबाई पाण्यात!

अगदी जवळ कोण? त्यांच्याच पोटचा पोरगा, आमचा नवरामुलगा. आणि त्यानं काय केलं? मनगटावरचं घड्याळ काढलं! "हे जरा कोणी धरता का? नवीन आहे..."

झालं. सुटलं माझं तोंड.

"अरे ए घड्याळवाल्या, आई चाललीय तुझी!"

त्याला ढकललं बाजूला, होडीच्या काठाला गुडघे टेकले, बाईंचे पट्टे धरले. पण हाताला सवय एकच हो! भिजलेली चादर हौदातून काढायची तर आधी एक बुचकळा, मग ओढ, आणि वर घेता घेता पीळ. बुचकळलं. ओढलं. आणि विहीणबाईंना दिला की पीळ! गर्रकन फिरून बाई धप्पदिशी माझ्या अंगावर. मी खाली, त्या वर. लेकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हटलं, गेलं, हेही स्थळ गेलं.

बाईंनी नाकातोंडातलं पाणी थुंकलं. माझ्याकडे बघितलं.

"अगं भवाने, बुडत होतेच की मी! वर आणखी बुचकळलंस कशाला?"

'तुम्ही'वरून थेट 'भवाने'! म्हटलं, "आणि तू जड केवढी गं! ओल्या गादीसारखी!" अशा हसलो, अशा हसलो, गाइड शिट्ट्या मारून दमला.

परतीच्या बसमध्ये लेक माझ्या शेजारी येऊन बसली. "आई, नको."

"काय नको?"

"हा मुलगा. उद्या मी पडले तर हा आधी घड्याळ ठेवायला जागा शोधेल."

मी म्हटलं, "अगं, नवीन होतं..." मी! मी त्याची बाजू घेतली, कळतंय का तुम्हाला? पण पोरगी ऐकते थोडीच. माझीच ना ती. मोडलं.

बरं, मोडलं ते मोडलं. तर आता दर रविवारी ही बाई माझ्या दारात! बेल नाही, काही नाही, सरळ आत येते, माझ्याच पलंगावर पाय पसरते आणि स्वतःच्या पोराला शिव्या घालते, "मीच लाडावून ठेवला गं मेल्याला!" शेजारीण विचारते, या कोण तुमच्या? मी तोंड उघडायच्या आत हीच आतून ओरडते, "विहीण!"

कसली विहीण? जावई नाही, सून नाही, मधल्यामधे विहीण तेवढी पदरात पडली!