शिंगणापुरातलं दार

शाळेतल्या नव्या मॅडम लई शिकलेल्या आहेत, हे मी आधीच मान्य करतो, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. माझी नात पहिलीत. अक्षरं जोडत बसायचं नाही, शब्द बघताक्षणी ओळखायचा, असं मॅडमचं म्हणणं. त्यासाठी घरातल्या वस्तूंवर त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. पहिलीच चिठ्ठी निघाली ‘दार’.

आता आमच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात, हे बघायला जग येतं. मॅडम रोज नगरहून येतात, त्यांना अजून दिसायचं असेल.

सून रडकुंडीला आली. “अण्णा, चाचणीत चुकली तर पोरीला मागं बसवत्यात. चिठ्ठी लावू कुठं?”

म्हटलं, “पडद्याला लाव. दाराचं काम तोच करतो.”

चाचणीत मॅडमनी ‘दार’ लिहिलेली चिठ्ठी वर धरली. नात ठणकावून म्हणाली, “पडदा!” तिच्यामागून अख्खा वर्ग, “पडदा!”

नातीला मागं बसवलं, तसा मी दुकान सोडून शाळेत गेलो. मॅडम म्हणाल्या, “आजोबा, घरी सराव घेतला नाही?”

“घेतला ना. सगळ्या गावानं घेतला. आता एकतर अख्खा वर्ग मागं बसवा, नाहीतर गावाला दारं बसवा.”

मॅडम ओशाळल्या. नातीला पुढं बसवलं आणि माझ्या हातात नवी यादी दिली. पहिलाच शब्द होता ‘कुलूप’.