आमच्या विलायती सायकलचं मूळ

आमच्या घरातली दोन सीटांची सायकल विलायती आहे, असं मी अर्ध्या वसमतला सांगून बसलो होतो. ते पुण्याच्या एका जाणकाराच्या कानावर गेलं आणि माणूस भिंग घेऊन दारात हजर!

त्यांनी आधी सायकल उलटी केली. "नंबर काही दिसत नाही. पण कंपनीचं नाव रंगाखाली असणार."

मी म्हणालो, "असणारच की! निजामाच्या काळातली हाय."

त्यांनी थिनरचा बोळा दांडीवर फिरवला. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. पाहुण्यांनी मोठ्यानं वाचलं, "दोन्ही जावयांस सप्रेम भेट."

माझं तोंड बघण्यासारखं झालं. ओसरीवर शेंगा सोलत बसलेली मावशी फस्सकन हसली. ती माझी काकूही लागते, कारण आई आणि ती, दोघी बहिणी दोघा भावांना एकाच मांडवात दिलेल्या.

"तुझा बाप अन् तुझा काका, दोघंबी मांडवात सायकलीसाठी रुसून बसले. मग आमच्या आबांनी दोन जुन्या सायकली वेल्डरकडं नेल्या अन् जोडून एक करून आणली."

पाहुण्यांनी विचारलं, "पण दोघांना मिळून एकच का?"

"आबा म्हनले, घ्या. आता पुन्हा रुसून निघायचं असलं, तर दोघं संगंच निघा."