पेटीत नव्हता तो

नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाबाहेर भाचीसाठी थांबलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या दोन वयस्क जावांचं बोलणं पडत होतं.

“धाकटे, सून थकलीय तुझी. बाळाला छातीशी धरायला घरचंच कुणी हवंय.”

“मी नाही बाई! एवढासा जीव उघड्या अंगाशी बांधायचा? काचेच्या पेटीत बरा आहे की.”

“अंगाच्या उबेनं श्वास नीट चालतो, डॉक्टर म्हणाले.”

“नवी थेरं! माझा मुलगाही सातव्या महिन्यातलाच. त्याला कुणी बांधलं होतं छातीशी?”

“मी.”

“काय?”

“तू बेशुद्ध होतीस. पेटी बंद पडलेली. नर्स म्हणाली, अंगाशी धरा. अकरा दिवस धरला.”

“मला तर सगळे म्हणाले, पेटीत होता!”

“मीच सांगायला लावलं तसं.”

“तीस वर्षं? का गं, ताई?”

“मला मूलबाळ नाही. लोक म्हणाले असते, हक्क सांगतेय.”

शिंपीणबाईंनी वळून थोरलीकडे पाहिलं.

दार उघडून नर्सनं विचारलं, “आत कोण येतंय? बाळाचं नातं काय?”

धाकटीनं थोरलीचा हात धरून तिला पुढे केलं.

“ही. आजी आहे बाळाची. माझा नंबर हिच्यानंतर.”