निंबाखालचे डबे

मी मूळची आर्वीकडची, लग्न होऊन जबलपुरात आली तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि काय सांगू तुम्हाले, हिंदीचा एक शब्द येत नव्हता मले, भाजीवाली भटा म्हणे तर मी तिच्या तोंडाकडे पाहत राहायची, मग तिनं वांगं हातात दिलं की समजायचं. कांचघर मोहल्ल्यात दोन खोल्या, आमचे हे रेल्वेत, मामाजी म्हणजे माझे सासरे तोफांच्या फॅक्टरीत. सासूबाई नव्हत्या, सारा चुला माझ्याच हाती. मॅट्रिकले दोनदा नापास झालेली मी, शिवणं येत नाही, विणणं येत नाही, पण स्वयंपाक असा की खाणारा बोटं चाटत बसेल. हे मीच सांगून राहिली, दुसरं कोण सांगणार आता.

मग लढाई लागली. फॅक्टरी रात्रंदिवस चालू, सुट्ट्या बंद, नागपूर-वर्ध्याकडचे पोट्टे भरती होऊन आले, एका खोलीत चार-चार राहत, जेवणाची नुसती आबाळ. मी म्हटलं मी डबे करते. हे म्हणे कर. मामाजी म्हणे कर, पण जेवण जेवणासारखं पाहिजे. मामाजी मोठे सोवळ्याचे हो, आंघोळ करून पाटावर बसल्याशिवाय घास नाही घ्यायचे, ड्युटीवर तर पाणीसुद्धा नाही, घरी येऊनच खायचं. मी पण डबा तसाच भरला, ताट वाढावं तसा. वरण, भात, पोळी, भाजी, कोशिंबीर, आणि मीठ-लिंबाची पुडी वेगळी. सायकलवाला भैया डबे न्यायचा, संध्याकाळी आणून द्यायचा.

आणि डबे यायचे अर्धे भरलेले. पोळी संपलेली, वरण-भात तसाच्या तसा. मी तूप वाढवलं, फोडणीत लसूण वाढवला, खोबरं किसून टाकलं. पोट्ट्यांले विचारावं तर म्हणत, वहिनी, एकदम बढिया. बढिया आहे तर काहून टाकून राहिले रे बाप्पा? दोघा-तिघांनी तर डबा बंदच केला. एक दिवस मामाजींनी ते उरलेलं अन्न पाहिलं, म्हणे सूनबाई, हा अन्नाचा अपमान आहे, पौर्णिमेपर्यंत पाहा, नाही तर बंद कर. मी हो म्हटलं आणि न्हाणीत जाऊन रडली. तेवढं एकच तर येत होतं मले.

तेव्हा आमच्या गल्लीत एक पापडवाली दीदी होती, तिच्या ओसरीवर मंगळवारी दुपारी बायका जमायच्या. भजनाच्या नाही हो, धंद्याच्या. कोणी बांगड्या विकायची, कोणी गोधड्या शिवायची, पनागरची एक भाजीवाली होती कमलाबाई, अशा पाच जणी. मी गेली सहावी. दीदीचा कायदा असा की जिची अडचण, तिनं एकदा सांगायची आणि गप बसायचं, बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, नुसतं विचारायचं, आणि विचारलं तेवढंच उत्तर. आता मले गप बसवणं म्हणजे काय ते आमच्या ह्यांनाच ठाऊक होतं. मी सुरू झाली, आमच्याकडे वरणाले असं, फोडणीले तसं. दीदी म्हणे, चुप. बांगडीवालीनं विचारलं, गरम जातं की थंड? मी म्हटलं गरम. गोधडीवालीनं विचारलं, किती माणसं? सांगितलं. मग कमलाबाई सुपारी कातरता कातरता म्हणे, खाते कहाँ हैं?

मी म्हटलं फॅक्टरीत. फॅक्टरी में कहाँ? माहीत नाही. बैठके कि खड़े? माहीत नाही. हाथ कैसे रहते हैं उनके? आता हात कसे असतात, हातासारखे. मले असा राग आला त्या बाईचा, मी म्हटलं मी काय तिथे जाऊन पाहू? ती म्हणे, चलो, कल चलो.

पण जायचं कसं. मामाजींची सून फाटकावर उभी दिसली तर गल्लीभर बोभाटा. मग कमलाबाईनं तिचं लुगडं दिलं, डोक्यावरून पदर ओढून मी फॅक्टरीच्या फाटकासमोर तिच्या टोपलीमागे भटे घेऊन बसली. दुपारचा भोंगा झाला, पोट्टे फाटकाबाहेर निंबाखाली आले, आणि काय पाहते, कोपरापर्यंत काळं तेल, धुवायले पाणी नाही, लढाईपायी सुट्टी पंधरा मिनिटांची. उभ्या उभ्या बोटांच्या टोकांनी पोळी उचलायची, भाजी लावायची, गिळायची. भात कालवणार कोणत्या हातानं? एक पोट्टा माझं वरण तोंडाले लावून प्यायला गेला तर सदऱ्यावर सांडलं. मी हसली, आणि मग रडायलेच आलं, की बाई, मी तूप वाढवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी डबेच नाही धाडले. मोठ्या पोळ्या केल्या, त्यात घट्ट झुणका, कांदा, गुंडाळी करून पळसाच्या पानात बांधली, पान धरायचं आणि खायचं, हात लागायचं कामच नाही. चार दिवसांत सोडून गेलेले पोट्टे दारात उभे, वहिनी, आमचं पण बांधा. मामाजी पाहत होते. पाट नाही, वाटी नाही, हे काही त्यांच्या मनाले येणारं नव्हतं. पौर्णिमेच्या सकाळी ते ड्युटीले निघाले, दारात थांबले, म्हणे आज डबल ड्युटी आहे, मले पण दोन बांध. मी त्यातल्या त्यात मोठी पानं निवडून दोन बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले, थकलेले. मी पाण्याची बादली घेऊन समोर उभी. चपला काढल्या, पाय धुतले, आणि म्हणे, उद्यापासून मिरची कमी टाक, ठसका लागतो लोकांले.

आता मामाजी नाहीत, हे पण नाहीत, दीदी गेली, कमलाबाई गेली. धंदा सून चालवते, माझ्यापेक्षा चांगला चालवते, देव तिले सुखी ठेवो. परवा शेजारची पोरगी आली, सदर बाजारात इडलीचा ठेला टाकून राहिली, डोळे पुसत म्हणे, आजी, सकाळभर उभी राहते, कोणीच नाही घेत, तुम्ही चटणी शिकवा ना. मी म्हटलं चटणी राहू दे. चप्पल घातली, काठी घेतली, म्हटलं चल, कुठे उभी राहतेस ते दाखव मले.