भस्माची डबी

हसू नका, माझं डोकं अजून तापलेलंच आहे. आपले एक मोठे नाटककार, जन्मभर लोकांची ढोंगं स्टेजवर उघडी पाडणारे, त्यांच्या वस्तू इथे हॅम्बर्गच्या एका संग्रहालयात आल्यात. मराठी वाचणारं कुणीतरी हवं म्हणून तिथल्या बाईंनी मला बोलावलं. मी एक दिवसाचा उर्लाउब, म्हणजे रजा, टाकून गेलो.

हस्तलिखितं, चष्मा आणि एक पितळी डबी. खाली पाटी: ‘पवित्र भस्माची डबी’.

मी म्हटलं, "बाई, हे भस्म नाही, चुना आहे! या दुसऱ्या कप्प्यात तंबाखू. वास घ्या!"

"त्यांच्या मुलाच्या पत्रात भस्म लिहिलंय. तुमच्याकडे पुरावा आहे?"

"पुरावा? माझे आजोबा दिवसातून दहादा अशीच डबी उघडायचे, ते काय पूजा करायचे?"

माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले. बाई शांतच. "आल्झो, मग मुलालाच विचारा."

मी तिथूनच पुण्याला फोन लावला. मुलगा म्हणाला, "अहो, तंबाखूचीच डबी ती. पण बाबांचं व्यसन परदेशात कशाला दाखवायचं? तुम्ही आपले आहात, सांभाळून घ्या."

सांभाळून घ्या म्हणे! असा संतापलो की फोनच कट केला.

बाई पाटी खोडायला पेन्सिल घेऊन तयार होत्या. "काय म्हणाले?"

आणि इतका वेळ आरडाओरडा करणारा मी खाली बघत म्हणालो, "भस्मच आहे. माझी चूक झाली."